मुकादम भेटायला आला होता

मी दार उघडलं तर पायरीवर मुकादम उभा. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, चपला पार फाटकाजवळ काढलेल्या, मान खाली. त्याने मान वर करून मला बघितलं आणि तसाच मागे मागे सरकत गेला, तो थेट तुळशीच्या कट्ट्यावर बसला.

"अरे, तुळस आहे ती," मी म्हटलं. "पाट नाही तुझ्यासाठी मांडलेला."

तो उठेना. तोंड उघडं ते उघडंच.

"काकू," तो म्हणाला. "तुम्ही?"

"मग कोण असणार? माझंच घर ना हे?"

"तसं नाही. म्हणजे... दार तुम्ही उघडलंत."

"हातपाय धड आहेत, उघडलं. काय काम आहे ते बोल पटकन. आज ह्यांची तिथी आहे, आत पानं वाढायची खोळंबलीत."

त्याची नजर कुंपणाच्या भिंतीवर गेली. तिथे कावळ्याचं पान ठेवलेलं होतं, खीर, वडे, आमसुलाची चटणी. कावळा केव्हाच जेवून गेला होता, नुसतं केळीचं पान हलत होतं. मुकादम त्या पानाकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग परत पानाकडे.

"मी भेटायला आलो होतो," तो हळूच म्हणाला.

आमच्याकडे पांढरे कपडे घालून, मान पाडून कोणी दारात आलं आणि 'भेटायला आलो' म्हणालं, की त्याचा अर्थ एकच. मला हसू आलं.

"कोणाला भेटायला? ह्यांना जाऊन वर्षं झाली. तेव्हा आला होतास की."

"काल दिवाकरशेठचा फोन आला," मुकादम म्हणाला. "म्हणाले, काकू गेल्या."

दिवाकर माझा मुलगा. एकुलता एक.

मी चौकट धरली. राग नंतर आला. आधी कानशिलं तापली आणि मी मागे वळून बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना. आणि वन्सं ओटीवर येऊन उभ्याच होत्या. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून माझं काय चुकतंय ते बघायला बसलेल्या.

"कोण गं आलंय, द्वारके? आणि तोंड का असं पाडलंय त्याने?"

"मुकादम आहे, वन्सं. त्याच्याकडचं कोणी गेलं. सांगायला आलाय."

बोलून गेले आणि मग आठवलं. हा माणूस नियमाचा. खोटं बोल म्हटलं तर त्याचाही लेखी अर्ज मागेल. तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या तोंडावर त्याला काय दिसलं कोण जाणे.

"मामी," तो म्हणाला. "माझी मामी गेली."

"अगं बाई! कुठली, पनवेलची? अरे, परवा-परवा तर माझ्याकडून पापड न्यायला आली होती!"

"हो. तीच."

"चांगली धडधाकट होती की रे."

"तेच तर," मुकादम म्हणाला आणि त्याने रुमाल काढून कपाळ पुसलं. मामीसाठी नव्हे, घाम फुटला होता त्याला.

वन्संना म्हटलं, तुम्ही पानं वाढायला घ्या, मी ह्याला जरा कारखान्यात बसवते. आणि त्याला पुढे घालून मागच्या अंगणातून घेऊन गेले.

आमचा कारखाना गणपतीचा. पेणमध्ये असे पुष्कळ आहेत, पण आमचे गणपती बोटीने परदेशात जायचे. ते दिवस भाद्रपदातल्या पंधरवड्याचे, गणपती विसर्जन होऊन गेलेले, कारखाना रिकामा. मांडण्यांवर नुसते साचे आणि शाडूची धूळ. कोपऱ्यात टेबलावर कॉम्प्युटर, आणि त्याच्यावर मी पंचा टाकून ठेवलेला. पितृपक्षात आम्ही नवं काम घेत नाही. कागद उघडायचा नाही तसं टपालही उघडायचं नाही. घटस्थापनेला नारळ फोडायचा आणि मग पंचा काढायचा. दिवाकरचे मित्र हसायचे ह्याला. हसू देत.

आता मुकादमचं सांगते. मुकादम हे त्याचं आडनाव. ह्याचा बाप बाजारपेठेत घड्याळं दुरुस्त करायचा. त्या दुकानाच्या मागच्या खोलीत ह्याने दोन यंत्रं आणून ठेवली आणि गावातल्या लोकांना ई-मेलच्या पेट्या द्यायला लागला. मुकादम मेल. गिऱ्हाइकं कोण, तर पोह्याच्या गिरण्या, पापडवाल्या, सुकी मासळीवाले, एक दोन वकील. घरात बायको वारा घालत बसायची आणि यंत्रांना एसी. लोक म्हणायचे, मोठ्या कंपन्या फुकट देतात, ह्याला कोण विचारतो? आमच्या दिवाकरनेही आधी तसली फुकटचीच पेटी काढली होती. ती ऐन ऑर्डरीच्या दिवसांत एका सकाळी बंद झाली. इंग्रजीत प्रश्न विचारायची, उत्तर दिलं की नाही म्हणायची. कोणाला जाब विचारावा तर समोर कोणीच नाही. मला भांडायला माणूस लागतो. मुकादमकडे माणूस होता, तो स्वतः. फोन केला की पहिल्या घंटीला उचलायचा आणि मी बोलेन ते सगळं ऐकून घ्यायचा.

कारखाना माझ्या नावावर, म्हणून पेटीही माझ्या नावावर. माझी शाळा तिसरीत सुटली. मुकादम पहिल्यांदा पेटी लावून द्यायला आला तेव्हा त्याने दिवाकरला बाहेर काढलं, सुनेला बाहेर काढलं, मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"काकू, आता एक शब्द टाका. तो तुमच्या पोटात राहू दे. मुलाला नाही, सुनेला नाही, मलाही नाही."

इंग्रजी अक्षर म्हणजे मला चित्रच. एकेक चित्र शोधून मी शब्द टाकला. फार वेळ लागला. तेवढा वेळ हा भिंतीवरची पाल बघत उभा.

"झालं का काकू? फिरू का?"

"फिर."

तेव्हापासून रोज सकाळी मी शब्द टाकायचे आणि रोहिणी, माझी सून, शेजारी बसून वाचून दाखवायची. वाचणारी ती असली तरी खुर्चीवर मी. आणि फोटो आले की मी स्वतः बघायचे. फोटो बघायला शाळा लागत नाही.

"हं, आता सगळं सांग," कारखान्याचं दार लोटून मी म्हटलं.

मुकादम साच्यांच्या मांडणीला टेकून उभा राहिला. "पहिला फोन ह्याच आठवड्यात आला, काकू. म्हणाले, आईला बरं नाही, पेटी जरा उघडून दे. मी म्हटलं, काकूंना फोन द्या. म्हणाले, झोपलीय. म्हटलं, उठल्या की बोलतो. मग परत आला. परत म्हटलं, काकूंना द्या. आणि मग काल..."

"काल मी मेले."

"असं नका बोलू काकू."

"मी कुठे बोलले? तो बोलला. आणि तू काय केलंस? दिलीस उघडून?"

"मालक हयात असताना दुसऱ्याला नाही. मालक गेला तर वारसाला देतो मी. पण..."

"पण काय?"

"फोनवर कशी देऊ? एवढ्या वर्षांचं गिऱ्हाईक. म्हटलं, आधी घरी जाऊन भेटून येऊ, बाकीचं मग बघू. पेटी बंदच आहे, काकू. बायकोला सांगितलं तर ती रडायला लागली."

"तुझी बायको? तिला तर मी भोपळा म्हटलं होतं. भर बाजारात."

"हो. ती म्हणाली, आता कोण म्हणणार."

ते मी कानाआड केलं. मला घाई होती. दिवाकरला हे का करावंसं वाटलं ते मला कोणी सांगायला नको होतं, मला माहीत होतं. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

गणपतीचे डोळे काढतात त्याला आम्ही आखणी म्हणतो. साच्यातून मूर्ती कोणीही काढेल, रंग कोणीही देईल. डोळे कोणाच्याही हातचे नाहीत. माझ्या सासऱ्यांनी तो कुंचला माझ्या हातात दिला. पोटच्या मुलीच्या, वन्संच्या, हातात दिला नाही, आणि ते त्या अजून विसरलेल्या नाहीत. आमच्या कारखान्याचा गणपती कुठल्याही कोपऱ्यात उभं राहा, तुमच्याकडेच बघतो, असं लोक म्हणायचे. अख्ख्या कारखान्यात एवढं एकच काम असं होतं की ते मी सोडून कोणी करायचं नाही. दिवाकर गेली दोन वर्षं मागे लागला होता. आई, तुझ्या डोळ्यांवर ताण येतो, आखणीला एखादा शिकलेला मुलगा आणू. आई, लहान मूर्ती तरी रोहिणीला करू दे. मी म्हणायचे, माझ्या डोळ्यांची काळजी नको करूस, तुझा डोळा माझ्या खुर्चीवर आहे ते दिसतंय मला. कामगारांसमोर म्हणायचे. कामगार हसायचे. तोही हसायचा, आणि निघून जायचा.

तर माझा हिशेब सरळ होता. पेटी हातात आली की हा परदेशातल्या मंडळांना कळवणार, आई गेली, आता व्यवहार माझ्याशी. मी जिवंत असताना माझी जागा उपटणार, आणि मी घटस्थापनेला नारळ फोडून पंचा काढीन तेव्हा आत माझं काहीच उरलेलं नसेल.

मी दार उघडून हाक मारली. "दिवाकर! जरा ये इकडे. तुझ्या मेलेल्या आईला भेटायला माणूस आलाय."

तो आला. सोवळं नेसलेला, हातात खिरीचा पळा तसाच. एवढा थोराड माणूस, कानशिलांवर केस पांढरे झालेले. त्याने मुकादमला बघितलं आणि पळा मांडणीवर ठेवला.

"सकाळी बापाला पाणी सोडलंस," मी म्हटलं. "माझंही सोडून टाकलंस का त्यातच? परत भटजी बोलवायला नको."

"आई, हळू बोल. आत्या आत आहे."

"मेलेल्या बाईला आत्याचं काय भय?"

"मुकादम, तुम्ही जा," दिवाकर म्हणाला.

"काकूंनी सांगितलं तर जातो," मुकादम म्हणाला. तो जागचा हलला नाही.

"हा कुठे जात नाही," मी म्हटलं. "ह्याच्या समोर सांग. कोणाला लिहिणार होतास? काय लिहिणार होतास? म्हातारी खपली, आता डोळे मी काढतो? बोल ना! फोनवर बोलायला जीभ होती, आता गेली कुठे?"

"कोणाला काही लिहिणार नव्हतो."

"मग पेटी कशाला हवी होती?"

तो खाली शाडूच्या धुळीकडे बघत होता. लहानपणी काही फोडलं की असाच उभा राहायचा, आणि मी तेव्हाही असंच ओरडायचे, फोडलंस तर फोडलंस, तोंडाने सांग.

"चोर आहेस तू," मी म्हटलं. "बापाच्या तिथीला आईच्या घरात चोरी करतोस. हा परका माणूस तुझ्याहून बरा. हा आधी भेटायला आला. तू मारून मोकळा झालास."

आणि मी कॉम्प्युटरवरचा पंचा ओढला.

तेव्हा त्याने माझं मनगट धरलं. उभ्या आयुष्यात त्याने माझा हात असा धरला नव्हता. "आई, नको. पक्ष आहे."

"पक्ष जिवंत माणसांनी पाळायचा. सोड."

त्याने सोडला. मी खुर्चीत बसले. कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागायचा. घरातून वन्संचा आवाज येत होता, रोहिणीला सांगत होत्या, मुकादमची मामी गेली गं. शब्द टाकायची वेळ आली तसा मुकादम न सांगता भिंतीकडे वळला.

"तूही फिर," मी दिवाकरला म्हटलं. तो मांडणीकडे तोंड करून उभा राहिला.

शब्द दोनदा चुकला. बोट शेजारच्याच अक्षरावर पडायचं. मी म्हटलं, संतापाने होतंय. तिसऱ्यांदा पेटी उघडली.

पक्ष लागल्यापासूनचं टपाल साठलेलं. बाकीचं मला वाचता येत नव्हतं, पण फोटो असला की शेजारी पिनेची खूण असते, ती मला ठाऊक होती. एकाच टपालाला ती होती. मी दाबली.

त्या वेळी फोटो एकदम यायचा नाही. पडदा सोडावा तसा वरून खाली हळूहळू उतरायचा. आधी मुकुट आला. मुकुट आमचाच, सासऱ्यांच्या साच्यातला. मग कपाळ, गंध. मग भुवया. मला वाटलं, कौतुकाचा फोटो आहे, दर वर्षी येतात. मग डोळे आले.

उजवा डोळा समोर बघत होता. डावा सोंडेकडे. बुबुळ पांढऱ्यात बसलंच नव्हतं, काठावरून खाली ओघळलं होतं.

मी दुसरा फोटो उघडला. दुसऱ्या मूर्तीचे डोळे त्याहून वाईट. तिसऱ्यात मोठा गणपती होता, मॉरिशसच्या मंडळाचा, ज्याच्या आखणीला मी दोन दिवस दार लावून बसले होते. त्याच्या डोळ्यांवर कोणीतरी झेंडूची माळ आडवी बांधली होती. नवऱ्या मुलाला मुंडावळ्या बांधतात तशी, पण जरा खाली, डोळे झाकले जातील अशी. आणि समोर माणसं हात जोडून उभी होती. लहान मुलंही होती.

मी बघत राहिले. कुंचला मीच धरला होता. त्या मूर्ती इथे, ह्याच मांडण्यांवर, ओळीने माझ्याकडे बघत उभ्या होत्या आणि मला त्या बरोबर दिसल्या होत्या. आत्ता डोळे मिटून आठवलं तरी बरोबरच दिसतात.

"मॉरिशसच्या राघोजीशेठचा फोन आला होता," दिवाकर मांडणीकडे तोंड करूनच म्हणाला. "विसर्जन झाल्यावर. म्हणाले, आम्ही भक्तीनं बसवला, कोणी काही बोललं नाही. आजींना सांगू नकोस. तुला कळावं म्हणून फोटो मेलवर टाकलेत, पुढच्या वर्षी तेवढं बघ. त्यांना काय माहीत आपल्याकडे एकच पेटी आहे ते."

"मग तू काय करणार होतास?"

"तेवढं काढून टाकणार होतो. तू पंचा काढायच्या आत."

"मला सांगायचं होतंस."

"तुला?" तो वळला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. "तुला कोण सांगणार, आई? तीन वेळा आलो तुझ्या खोलीपाशी. एकदा म्हणालीस, काय रे, खुर्ची मोजायला आलास? एकदा म्हणालीस, मरेपर्यंत थांब जरा. तिसऱ्यांदा मी आत आलोच नाही." तो खाली बसला, तिथेच, धुळीत, सोवळ्यासकट. "मुकादम देईनात. म्हणाले, मालक हयात आहे. मग तोंडातून निघून गेलं. तुला हे सांगण्यापेक्षा तू गेलीस म्हणणं सोपं गेलं मला. खरंच सोपं गेलं."

मी त्याला आत्ताच चोर म्हटलं होतं, परक्या माणसासमोर, त्याला परक्याहून वाईट म्हटलं होतं. पडद्यावर तो डोळे बांधलेला गणपती तसाच.

"झालं का काकू?" भिंतीकडून आवाज आला. "फिरू का?"

मुकादम. मी त्याला विसरूनच गेले होते. शब्द टाकताना तो जो भिंतीकडे वळला होता तो अजून तसाच उभा होता, नाक भिंतीला टेकेल एवढा जवळ, सदरा पाठीला चिकटलेला. पडद्यावर काय आहे ते त्याने बघितलं नव्हतं. मला बघितलं नव्हतं. आणि मला तेव्हा कळलं की माझं तोंड ओलं झालंय, गळ्यापर्यंत. ह्यांना नेलं तेव्हाही मी चारचौघांत रडले नव्हते.

"थांब जरा," मी म्हटलं.

"थांबतो," तो म्हणाला. "घाई नाही."

दिवाकरने खालचा पंचा उचलून माझ्या हातात दिला. मी तोंड पुसलं. नाक शिंकरलं. मग तोच पंचा कॉम्प्युटरवर परत टाकला, चारी बाजूंनी नीट ओढून घेतला. दिवाकर खिरीचा पळा घेऊन मागच्या दाराने घरात गेला.

"फिर आता," मी म्हटलं.

तो फिरला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "येतो मी, काकू." कान काही भिंतीकडे करता येत नाहीत, सगळं ऐकलं होतं त्याने.

पुढच्या अंगणात वन्सं उभ्याच होत्या. त्यांना पुढची विचारपूस करायची होती.

"मुकादम, मामीचं वय काय रे होतं?"

मुकादम चपला घालत होता. एक पाय चपलेत, एक बाहेर, तसाच थांबला.

"वय झालं होतं तसं, आजी."

"पण होती कडक."

"तोंडाची फार फटकळ," मुकादम म्हणाला. "माझ्या बायकोला भर बाजारात भोपळा म्हणाली होती. पण हाताला तोड नव्हती तिच्या. सगळ्यांना वाटायचं, हिला कोणाची गरज नाही. तिलाही तसंच वाटायचं." त्याने दुसरी चप्पल घातली. "एकच मुलगा तिला. काल त्याने फोन केला तेव्हा रडत होता. बोलताच येईना त्याला. म्हणून तर माझा विश्वास बसला."

"कळतं, बाई," वन्सं म्हणाल्या. "माणूस गेल्यावर कळतं."

मी चौकट धरून उभी होते, जिथे मगाशी होते तिथेच. मुकादमने मला मान लववून नमस्कार केला, भेटायला आलेला माणूस जाताना करतो तसा, आणि तो गेला.

त्या दिवशी पंगतीत दिवाकरच्या पानात मी खीर वाढली. तो म्हणाला, पुरे. मी थांबले. एरवी मी पुरे ऐकत नाही. बाकी त्याची माफी मी मागितली नाही, त्यानेही मागितली नाही, आणि त्या दुपारचं आमचं बोलणं आजपर्यंत झालेलं नाही. घटस्थापनेला नारळ फोडला आणि कुंचला रोहिणीच्या हातात दिला. कामगारांसमोरच दिला. मला वाटलं होतं काहीतरी चार शब्द बोलावेत. बोलले एवढंच, की पाण्यात जास्त बुडवू नकोस. वन्सं त्यावरही काही बोलल्या असत्या, पण दिवाळीच्या आधी पनवेलची मामी पापड न्यायला दारात उभी राहिली आणि त्यानंतर कितीतरी दिवस वन्संना दुसरा विषयच नव्हता.

आता सगळा व्यवहार माझी नात बघते. ती दर वर्षी मुकादम मेलवरून माझ्याशी वाद घालते. आजी, किती जुनाट आहे ते. आजी, आता फोन तुझा चेहरा बघून उघडतो, शब्दसुद्धा लागत नाही, आणि सगळं फुकट. मी म्हणते, मला भांडायला माणूस लागतो. तिला ते पटत नाही, पण पेटी माझ्या नावावर आहे, त्यामुळे ती काही करू शकत नाही.

मुकादमची आता तिशी-चाळिशीची गिऱ्हाइकं सोडून गेली, आमच्यासारखी म्हातारी तेवढी उरली. दर वर्षी पेटीची मुदत संपत आली की त्याचा फोन येतो.

"चालू ठेवायची ना, काकू?"

"ठेव," मी म्हणते. "आणि मी गेले असं कोणी कळवलं तर रे?"

हे आम्ही दर वर्षी बोलतो.

"येईन मी, काकू," तो म्हणतो. "दार कोण उघडतंय ते आधी बघेन."